‘स्टे’ आलाय म्हणजे नेमकं काय आलंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलोपार्जित गटावर चुलत्यांनी दिवाणी न्यायालयातून ‘स्टे’ आणला आहे. शेतात सोयाबीन काढणीला आलंय आणि पोलीस पाटील सांगतात, पाय ठेवू नका. आजोबांच्या पश्चात वारसनोंदीचा फेरफार अडकला आहे, कारण ‘कोर्टात केस चालू आहे’. धाकटा भाऊ आपला हिस्सा विकायला निघालाय. आणि गावात कुणीतरी सांगितलंय की सहा महिन्यांनी स्टे आपोआप उठतो. तर काढणी करायची की थांबायचं?

या सगळ्याचं उत्तर एका कागदाच्या शेवटच्या चार ओळींत आहे, आणि प्रश्नातल्या वर्णनावरून तो कागद अजून कुणी वाचलेला दिसत नाही. म्हणून आधी कागद, मग सोयाबीन.

‘स्टे’ ही बोली आहे, कायद्यातला एक ठरावीक हुकूम नव्हे. गावात या एका शब्दाखाली निदान सहा वेगळे कागद फिरतात. पहिला म्हणजे दिवाणी दाव्यातला तूर्तातूर्त मनाई हुकूम. दावा ही निशाणी (कोर्टाच्या फाइलमधला कागदाचा क्रमांक) १ आणि त्याच्यासोबतचा मनाईचा अर्ज बहुधा निशाणी ५, म्हणून आपल्याकडच्या कोर्टात त्याला नुसतं ‘निशाणी पाच’च म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम १ आणि २ खाली तो निघतो. दुसरा, ‘जैसे थे’ ठेवण्याचा हुकूम. तिसरा, अपिली न्यायालयाने खालच्या कोर्टाच्या निकालाच्या अंमलबजावणीला दिलेली स्थगिती. शब्दशः ‘स्टे’ म्हणावा असा हाच. चौथा महसुली: रस्ता किंवा पाणी अडवल्याबद्दल तहसीलदाराने मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली केलेली मनाई, किंवा प्रांताने अपिलात फेरफाराला दिलेली स्थगिती. पाचवा म्हणजे पोलीस ठाण्याची नोटीस. पूर्वी ती ‘१४९ ची नोटीस’ म्हणून ओळखली जायची, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली निघते. तिच्यात ‘शांतता भंग करू नका’ एवढंच असतं. जमीन कुणी कसावी हे ठरवायचा अधिकार त्या नोटिशीला नाही.

सहावा कागद सगळ्यात जास्त घोटाळा करतो. वादीने मनाई मागितलेली असते आणि न्यायाधीशांनी फक्त ‘मनाई का देऊ नये याचं कारण दाखवा’ अशी नोटीस काढलेली असते. बेलिफ येतो, दाव्याच्या नकलेचा गठ्ठा देतो, त्यात मनाईची मागणी छापलेली असते, आणि घरात रडारड सुरू होते. वादीने काय मागितलं ते दाव्यात असतं. कोर्टाने काय दिलं ते हुकमात असतं. पहिला कागद कितीही जाड असला तरी तो मनाई नव्हे. तुमच्याकडे कारणे दाखवा नोटीसच आली असेल, तर आज तुमच्यावर कसलीही मनाई नाही. मात्र नेमलेल्या तारखेला हजर न राहिल्यास ती येऊ शकते.

आता हुकूम मिळवायचा कसा. समन्सवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात एमएचने. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तो टाकला की तारखा दिसतात आणि अपलोड झालेले हुकूमही वाचता येतात. मजकूर कळण्यासाठी ती प्रत पुरे. पण तलाठी, बँक, पोलीस यांच्यापुढे ठेवायला आणि अपिलाला प्रमाणित नक्कल लागते. ती कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून घ्यायची. अर्ज लवकर करा, कारण नकलेसाठी अर्ज केल्यापासून ती तयार होईपर्यंतचे दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळले जातात. अर्ज न करता घरी काढलेले दिवस वगळले जात नाहीत.

हुकूम हातात आला की वरची कहाणी सोडून द्या. तिच्यात दोन्ही बाजूंचं म्हणणं असतं आणि लोक नेमकं तेच वाचून खूश किंवा हवालदिल होतात. शेवटी ‘आदेश’ असा मथळा असतो, त्याच्याखालच्या ओळी वाचा आणि चार गोष्टी पेन्सिलीने अधोरेखित करा: मनाई कोणाला आहे (सगळ्या प्रतिवादींना की ठरावीक क्रमांकांना), कोणती कृती करायला मनाई आहे, कोणत्या मिळकतीबाबत (सबंध गट की पोटहिस्सा, किती हेक्टर-आर, कोणती चतुःसीमा) आणि कधीपर्यंत.

काढणीचा प्रश्न दुसऱ्या गोष्टीवर सुटतो. भावकीच्या वादात साधारण तीन तऱ्हेचे शब्द येतात.

‘प्रतिवादींनी दावा मिळकतीचे हस्तांतरण करू नये, तिसऱ्या इसमाचे हितसंबंध निर्माण करू नयेत’ असं असेल तर ती फक्त विक्री, गहाण, बक्षीसपत्र वगैरेंना मनाई आहे. वहिवाटीला तिचा धक्का लागत नाही. तुम्ही कसत होता तर कसत राहा, सोयाबीन काढा, पुढे हरभरा पेरा. वाटपाच्या दाव्यात बहुतेक वेळा एवढीच मनाई मिळते, कारण एका सहहिस्सेदाराला दुसऱ्याने जमिनीचा उपभोग घेण्यापासून रोखणं कोर्टाला सहसा मान्य नसतं. दोघांचाही हक्क जमिनीच्या कणाकणात असतो, हे तत्त्व जुनं आहे.

‘प्रतिवादींनी वादीच्या शांततामय कब्जात हरकत-अडथळा करू नये’ असं असेल तर प्रकरण गंभीर आहे. याचा अर्थ कोर्टाने वरवर पाहता वादीचा कब्जा मान्य केला आहे. पीक तुम्ही पेरलेलं असलं तरी हुकूम असताना शेतात उतरू नका. ‘पण कब्जा आमचाच आहे, मग अडथळा कसला?’ हा युक्तिवाद बांधावर उभं राहून करायचा नाही, अर्जात करायचा.

‘जैसे थे’ हा तिसरा प्रकार दिसायला सौम्य आणि वागवायला सगळ्यात अवघड. कोणत्या तारखेची स्थिती? कब्जाची, बांधकामाची की दप्तरी नोंदीची? अर्धवट हुकमात यातलं काहीच नसतं आणि दोन्ही बाजू ‘आमचा कब्जा जैसे थे’ म्हणत एकाच दिवशी शेतात येतात. स्थिती नेमकी कोणती हे न ठरवता नुसतं ‘जैसे थे’ म्हणण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली टीका केली होती, तरी असे हुकूम निघतात. ते आले तर पहिलं काम स्पष्टीकरणाचा अर्ज: अमुक तारखेला कब्जा कोणाचा होता हे धरून हुकूम स्पष्ट करावा. ज्याने पेरलं त्याने काढणं म्हणजे स्थिती बदलणं नव्हे, ही बाजू भक्कम आहे. पण ती कोर्टाकडून वदवून घेतलेली बरी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात सोयाबीन वाचवायचं असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. पक्व शेंगा तडकायला लागल्या की दाणा रानातच राहतो, आणि कोर्टाची पुढची तारीख दीड महिन्यावर असू शकते. वकिलांना सांगून प्रकरण तारखेआधी बोर्डावर घेण्याचा अर्ज द्या आणि त्याच्यासोबत काढणीच्या परवानगीचा. कोर्टाला निर्धास्तपणे ‘मंजूर’ लिहिता यावं असा तो हवा: किती क्षेत्रावर पीक आहे, पेरणी कोणी केली, काढणी कोणत्या तारखांना होईल, माल बाजार समितीत नेऊन विकू, काटापट्टी आणि हिशेबपट्टी कोर्टात हजर करू, आणि सांगाल तर रक्कम कोर्टात भरू. शेवटच्या वाक्याला लोक घाबरतात, पण त्यानेच परवानगी मिळते. दाण्याचे पैसे दाव्याच्या निकालापर्यंत सुरक्षित राहणार असतील तर विरोधी वकिलालाही फारसं बोलायला उरत नाही. सोबत पेरणीचे पुरावे जोडा: ई-पीक पाहणीची नोंद, बियाणे-खतांच्या पावत्या, पीक विम्याची पावती, मळणीवाल्याचं किंवा ट्रॅक्टरवाल्याचं प्रतिज्ञापत्र. नुसता पीक पाहणीचा उतारा पुरेल असं धरू नका. महसूल दप्तरातली नोंद उलट शाबीत होईपर्यंत खरी मानतात, पण ती उलट शाबीत करायला समोरचा बसलेलाच असतो.

आता मनाई मुळात उठवायची कशी. तुमच्या गैरहजेरीत ती मिळाली असेल, म्हणजे एकतर्फी असेल, तर कायद्याने वादीवर काही ओझी टाकली आहेत. आदेश ३९ च्याच नियम ३ प्रमाणे नोटीस न काढता मनाई देताना न्यायाधीशांनी कारणं लिहायची असतात. वादीने अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा आणि ज्या कागदांवर भिस्त आहे त्यांच्या प्रती प्रतिवादीला ताबडतोब हाती द्यायच्या किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवायच्या, आणि तसं केल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोर्टात दाखल करायचं. हे पाळलं गेलं का ते रोजनाम्यात (प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद) आणि फाइलमध्ये पाहा. न पाळल्याची उदाहरणं कमी नाहीत आणि मनाई उठवायला हा चांगला मुद्दा होतो. नियम ३-अ सांगतो की एकतर्फी मनाई दिल्यापासून तीस दिवसांत अर्जाचा अंतिम निकाल द्यायचा प्रयत्न करावा, जमलं नाही तर कारण लिहावं. तीस दिवस उलटले आणि अर्ज तसाच लोंबकळत असेल तर एकतर्फी हुकमावरच अपील करता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली म्हटलं आहे.

पण तीस दिवस बहुतेक वेळा कोर्टामुळे जात नाहीत, प्रतिवादीमुळे जातात. पहिल्या तारखेला वकीलपत्र आणि ‘म्हणणे देण्यास मुदत मिळावी’ असा अर्ज. दुसऱ्या तारखेला पुन्हा तोच. प्रत्येक मुदत-अर्जाबरोबर मनाई पुढच्या तारखेपर्यंत वाढते, तीही तुमच्याच अर्जामुळे. दाव्याच्या कैफियतीला, म्हणजे दाव्यावरच्या लेखी उत्तराला, तीस दिवस आणि सबळ कारण दाखवल्यास नव्वद दिवसांपर्यंत वेळ मिळतो. निशाणी पाचवरच्या म्हणण्याला कैफियतीची वाट पाहायची गरज नाही. चार पानांचं म्हणणं आणि योग्य कागद पहिल्याच तारखेला दिले तर युक्तिवाद महिन्यात होऊ शकतो.

त्या चार पानांत काय असावं? कोर्ट तीन गोष्टी तोलतं: वादीचं प्रथमदर्शनी प्रकरण आहे का, सोय-गैरसोयीचं पारडं कोणाकडे झुकतं, आणि मनाई न दिल्यास पैशाने भरून न येणारं नुकसान होईल का. तिन्ही हवीत, एक पुरत नाही. प्रतिवादीच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार मात्र चौथंच आहे, लपवाछपवी. पूर्वी वाटणीपत्र झालेलं असताना ते दाव्यात सांगितलं नाही, याच मिळकतीचा आधीचा दावा फेटाळला गेला होता ते लपवलं, उताऱ्यावर तुमचं नाव असलेली पानं सोडून बाकीचीच जोडली. एकतर्फी मनाई घेताना महत्त्वाच्या बाबीवर जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं विधान केलं असेल, तर नियम ४ प्रमाणे कोर्टाने ती मनाई रद्द करायची असते. अपवाद करायचा झाला तर कारणं लिहून. म्हणून म्हणण्याची सुरुवात ‘वादीचा दावा खोटा आहे’ अशा ठराविक वाक्याने करण्यापेक्षा ‘वादीने पुढील तीन कागद मे. कोर्टापासून लपवले’ अशी करा.

बांधाचा वाद असेल तर तोंडी भांडणाला काडीची किंमत नाही, मोजणी हवी. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडून झालेल्या मोजणीचा नकाशा, किंवा आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमून झालेली पाहणी. मोजणीशिवाय मिळालेल्या मनाईत ‘पूर्वेस प्रतिवादीची जमीन’ एवढंच लिहिलेलं असतं आणि ती पूर्व नेमकी कुठे सुरू होते हाच तर वाद असतो.

निशाणी पाचचा निकाल विरुद्ध गेला तर तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाच्या हुकमावर जिल्हा न्यायालयात अपील आहे (आदेश ४३, नियम १), मुदत तीस दिवस. इथे एक गैरसमज पुसून टाका. अपील केलं म्हणजे खालचा हुकूम थांबत नाही. आदेश ४१ नियम ५ हे स्पष्ट सांगतो. अपिली कोर्टाकडून वेगळी स्थगिती मागावी आणि मिळवावी लागते. ‘वरच्या कोर्टात टाकलंय, आता काही करता येत नाही’ या वाक्यावर कित्येक लोक वर्षानुवर्षं थांबून राहिले आहेत. स्थगिती मिळाली तरी मनाई आणि स्थगिती वेगळ्या चालतात: मनाई पक्षकाराला उद्देशून असते, स्थगिती खालच्या कोर्टाला. म्हणून स्थगितीची माहिती खालच्या कोर्टाला पोहोचेपर्यंत त्याने केलेलं काम बेकायदा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच ठरवलं आहे. जप्ती किंवा कब्जा वॉरंट उद्यावर असेल तर स्थगितीची नक्कल टपालाच्या भरवशावर सोडू नका, स्वतः जाऊन दाखल करा.

सहा महिन्यांच्या अफवेचं मूळही सांगतो, कारण ती पूर्णपणे हवेतून आलेली नाही. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी म्हटलं होतं की दिवाणी-फौजदारी खटल्यांच्या कामकाजाला दिलेली स्थगिती सहा महिन्यांनी, कारणांसह वाढवली नाही तर, संपेल. ते मुळात खटल्याचं कामकाज थांबवणाऱ्या स्थगितीबद्दल होतं. शेतावरच्या मनाईला ते लोकांनी परस्पर चिकटवलं. आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो नियमच मोडीत काढला. तेव्हा आज कोणताही स्टे केवळ कॅलेंडरची पानं उलटून उठत नाही.

त्यात एक बारकावा आहे, आणि तो हुकमाच्या ‘कधीपर्यंत’ या शब्दात लपलेला असतो. ‘पुढील आदेशापर्यंत’ किंवा ‘दाव्याच्या निकालापर्यंत’ असेल तर मनाई चालूच राहते. ‘पुढील तारखेपर्यंत’ असेल आणि त्या तारखेला ती वाढवल्याची नोंद रोजनाम्यात नसेल, तर ती संपलेली असू शकते. म्हणून वादीने प्रत्येक तारखेला मुदतवाढ मागितली पाहिजे आणि प्रतिवादीने प्रत्येक तारखेचा रोजनामा पाहिला पाहिजे. वादीच्या गैरहजेरीत दावाच काढून टाकला गेला तर त्याबरोबर मनाईही जाते. पण दावा पुन्हा नंबरावर आला की तीही पुन्हा जिवंत होऊ शकते. त्या मधल्या फटीत रातोरात भिंत उभी करणाऱ्याकडे पुढे कोर्ट फार प्रेमाने पाहत नाही.

वारसनोंद. मनाई हुकूम दाव्यातल्या पक्षकारांना बांधतो. मंडळ अधिकारी दाव्यात पक्षकार नसतो, आणि हुकमात नोंदीबद्दल शब्द नसेल तर नुसता दावा प्रलंबित आहे एवढ्यावरून फेरफार अडवून ठेवायचं कारण नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० मध्ये रीत दिलेली आहे: नोटीस, पंधरा दिवसांत हरकत, हरकत आली तर विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत नोंद, सुनावणी आणि निर्णय. निर्णय मंजुरीचा असो की नामंजुरीचा, तो लेखी हवा, कारण लेखी निर्णयावरच प्रांताकडे कलम २४७ खाली साठ दिवसांत अपील करता येतं. ‘केस मिटवून या’ या तोंडी उत्तरावर कुठेच अपील होत नाही. तेव्हा हुकमाची प्रमाणित नक्कल जोडून अर्ज द्या की या हुकमात वारसनोंदीस मनाई नाही, प्रकरण सुनावणीस घेऊन निर्णय द्यावा; आणि पोचेवर शिक्का घ्या. चुलत्यांनीही बिचकायचं कारण नाही. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जात नाही, ती नोंद महसुलासाठी असते. मालकी ठरेल ती दाव्यातच.

भावाच्या विक्रीचं मात्र वेगळं आहे. हस्तांतरणाला मनाई असताना त्याने खरेदीखत करून दिलं तर तो हुकूमभंग आहे आणि त्याची शिक्षा खाली सांगतो. मनाई नसली तरी दावा चालू असताना घेतलेली जमीन दाव्याच्या निकालाला बांधील राहते, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ चं तत्त्व. पण महाराष्ट्रात इथे एक पायरी जास्त आहे आणि बाहेरून वाचून आलेले सल्ले तिथे हमखास चुकतात: १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे हे तत्त्व लागू होण्यासाठी दावा प्रलंबित असल्याची नोटीस, म्हणजे ‘लिस पेंडन्स’, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ज्याला आपला हिस्सा सांभाळायचा आहे त्याने दावा दाखल होताच ती नोंदवावी. खर्च दाव्याच्या मानाने किरकोळ, आणि शोध अहवाल काढणाऱ्या खरेदीदाराच्या वकिलाला ती दिसते. दुय्यम निबंधक स्वतः मालकीचा निवाडा करत बसत नाही, दस्त पुढे आला की नोंदवतो. विक्री झालीच तर ती आपोआप शून्य होईल असं धरून चालू नका. खरेदीदाराला दाव्यात पक्षकार करून घेण्याचा अर्ज द्या.

पोलीस आणि पोलीस पाटील. ‘हे दिवाणी आहे’ असं ठाण्यात सांगतात तेव्हा ते नेहमीच कामचुकारपणा करत नसतात. मनाई हुकूम पक्षकाराला दिलेला असतो, पोलिसांना नाही. त्यांनी तो स्वतःच्या मनाने राबवायचा म्हटलं तर कब्जा कोणाचा हे ठरवायची वेळ हवालदारावर येते. म्हणून ज्याच्या बाजूने मनाई आहे त्याने त्याच कोर्टात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ खाली पोलीस मदतीचा अर्ज करायचा. तसा हुकूम आला की पोलिसांना बांधावर यावंच लागतं. मारहाण, पीक चोरून नेणं, कुंपण तोडणं हे मात्र गुन्हे आहेत, त्यांची तक्रार घ्यायला दिवाणी दावा आड येत नाही. आणि पोलीस पाटलांच्या ‘पाय ठेवू नका’ने हुकूम मोठा होत नाही. हुकमात फक्त विक्रीला मनाई असेल तर त्यांना नक्कल दाखवा. बहुतेकदा त्यांनीही ती पाहिलेली नसते.

हुकूम मोडला तर काय होतं? आदेश ३९ नियम २-अ: मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, जप्ती एक वर्षापर्यंत, आणि तरीही ऐकलं नाही तर विकून त्यातून नुकसानभरपाई, शिवाय तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. ‘बेलिफाने बजावलाच नाही’ हा बचाव दर वेळी टिकत नाही, प्रश्न हुकमाची माहिती होती का हा असतो. वकील तारखेला हजर होते, गावात पंचांसमोर वाचून दाखवला, अशा मार्गांनी माहिती शाबीत होते. ‘तो हुकूमच चुकीचा होता’ हाही बचाव चालत नाही. कोर्टाला अधिकारच नव्हता असं पुढे ठरलं तरी तोपर्यंतचा हुकूम पाळायलाच हवा होता, असं मुंबईतल्याच एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटलं. भंग शाबीत करायचा असेल तर तारीख-वेळ असलेले फोटो, शेजारच्या शेतकऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, आणि घटनेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच केलेला अर्ज. सहा महिन्यांनी केलेल्या अर्जात साक्षीदार भावकीतलेच उरतात. कोर्टापुढे दिलेली लेखी हमीही मोडू नका. ‘पुढच्या तारखेपर्यंत बांधकाम करणार नाही’ असं वकिलामार्फत लिहून दिलं की ते मनाईइतकंच जड असतं.

खोट्या कारणांवर मनाई आणून वर्षभर रान पडीक पाडलं तर? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली त्याच कोर्टात भरपाई मागता येते, कमाल पन्नास हजार रुपये. नुकसान त्याहून मोठं असेल तर कलम ९५ चा अर्ज न करता स्वतंत्र दावा लावायचा. दोन्ही नाही, कारण अर्जाचा निकाल लागला की दाव्याची वाट बंद होते.

ज्यांच्यावर अजून दावा आलेला नाही पण चुलते तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना दिसताहेत, त्यांच्यासाठी कॅव्हेट आहे: त्याच संहितेचं कलम १४८-अ, नव्वद दिवस. नोंदणीकृत टपालाने समोरच्याला नोटीस पाठवून ते दाखल करायचं, म्हणजे तुम्हाला कळवल्याशिवाय मनाईचा अर्ज ऐकला जात नाही. वाया जाणारी कॅव्हेट तीन कारणांनी जातात. एक, कनिष्ठ स्तराच्या कोर्टात टाकलं आणि दावा वरिष्ठ स्तरात लागला. दोन, संभाव्य वादींमध्ये काकूचं किंवा लग्न झालेल्या चुलत बहिणीचं नाव राहिलं आणि दावा नेमका तिच्या नावाने आला. तीन, नव्वद दिवस संपले आणि नव्याने टाकायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या पक्षकारांना तिथे उत्पन्नाची अटही नाही.

शेवटी, दाव्याचा निकाल लागल्यावरची एक मुदत, कारण ती कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. ‘हरकत करू नये’ अशा कायम मनाईच्या हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज (आदेश २१, नियम ३२), कधीही लावता येते, तिला मुदत नाही. कब्जा द्या म्हणणाऱ्या हुकूमनाम्याला बारा वर्षं. पण ‘भिंत पाडून टाका’, ‘बुजवलेला चर मोकळा करा’ असं काही करायला लावणारा, म्हणजे आज्ञार्थी हुकूम असेल, तर फक्त तीन वर्षं. आणि ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात, कोर्टाने पाडण्यासाठी वेगळी तारीख दिली असेल तर त्या तारखेपासून.